मुळांच्या पेशी पाणी आणि अन्नद्रव्ये आत कशी घेतात?

शेतात पाणी दिले, खताचा हप्ता टाकला की पिकाला पाणी व अन्न मिळाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये एक टप्पा आहे. जमिनीतले पाणी आणि त्यात विरघळलेली अन्नद्रव्ये मुळाच्या पेशीत शिरावी लागतात, आणि प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे आणि आत आलेले काय पुन्हा बाहेर काढायचे हे त्या पडद्यावर ठरते. पावसाचे पाणी साचलेल्या रानात कपाशी माना टाकते, क्षारपड जमिनीत ओल असूनही ऊस खुरटतो, बियाण्याला चिकटून खत पडले की उगवण विरळ होते. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचे कारण या पडद्यापाशी सापडते. शाळेच्या पुस्तकात हा विषय बेदाणा पाण्यात फुगण्यापाशी थांबतो. शेतकऱ्याला मात्र थोडे पुढे जावे लागते, कारण त्याचा खतावरचा आणि पाण्यावरचा खर्च इथेच वसूल होतो किंवा वाया जातो.

पडद्याची रचना

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून सेल्युलोजची भिंत असते. ही भिंत गोणपाटासारखी समजावी. पाणी व क्षार तिच्यातून आरपार जातात. खरी अडवणूक भिंतीच्या आतील पेशीपटलाची असते. त्याची जाडी सुमारे ८ नॅनोमीटर, म्हणजे असे सव्वा लाख पडदे एकावर एक ठेवले तर थर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. हे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते आणि त्या थरांत जागोजागी प्रथिने रुतलेली असतात.

स्निग्ध थराचा गुण तेलासारखा आहे. तेलात मीठ विरघळत नाही, त्याचप्रमाणे पोटॅश, नत्र, स्फुरद, सोडियम यांचे विद्युतभारित कण, ज्यांना आयन म्हणतात, या थरातून स्वतःहून जाऊ शकत नाहीत. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया वायू असे भार नसलेले लहान रेणू मात्र सहज आरपार जातात. ज्यांना मज्जाव आहे त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. काही दारे फक्त उघडतात व मिटतात, तर काही पंपासारखी शक्ती खर्च करून काम करतात.

हा पडदा जिवंतपणी किती पक्का असतो ते घरी पाहता येते. बीटच्या फोडी कापून दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. मग निम्म्या फोडी थंड पाण्यात व निम्म्या कडकडीत गरम पाण्यात टाकाव्यात. थंड पाणी बराच वेळ जवळपास स्वच्छ राहते, गरम पाणी मात्र लगेच लाल होते. रंग दोन्हीकडे तेवढाच होता. गरम पाण्यात पटल मोडले आणि रंग कोंडून ठेवणारे कोणी उरले नाही.

पाणी कोणत्या बाजूला जाते?

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते, लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळले की खार सुटतो. पडद्याच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. मुळाच्या पेशीत साखर, पोटॅश व सेंद्रिय आम्ले विरघळलेली असतात आणि जमिनीतील पाणी त्या मानाने पातळ असते, म्हणून पाणी आत येते. आत आलेले पाणी पेशीला आतून फुगवते. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, तर टवटवीत पेशीत अनेकदा ३ ते १० बार असतो. पान ताठ राहते ते या दाबावर. दिवसा पानांतून बाष्प उडून जे ओढकाम होते त्यामुळे पाणी वर चढते, पण त्याला मुळातून आत शिरताना पडदा ओलांडावाच लागतो.

पाणी पेशींच्या भिंतीभिंतींतून, पडदा न ओलांडता आत जाणार नाही का? काही अंतर जाते. पण मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचे एक कडे असते आणि त्या पेशींच्या भिंतींत मेणचट पदार्थाचा पट्टा भरलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्परी यांच्या नावाने तो ओळखला जातो. तिथे ही चोरवाट बंद होते. जलवाहिनीपर्यंत पोचायचे तर तिथवर कुठे ना कुठे जिवंत पेशीचे पटल ओलांडावेच लागते. म्हणून खोडाकडे काय जाईल यावर मुळाचे बरेच नियंत्रण राहते.

पाणी स्निग्ध थरातून थोडेफार झिरपते, पण तेवढ्याने पिकाची तहान भागत नाही. १९९२ साली अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी रक्तपेशींच्या पटलात फक्त पाण्यासाठी असलेले दार शोधले. लगेच पुढच्या वर्षी वनस्पतींतही अशी प्रथिने आढळली. त्यांना ॲक्वापोरीन म्हणतात. या शोधाबद्दल ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही दारे मिटतातही.

अन्नद्रव्यांसाठी शक्ती लागते

पाण्याला उतार सापडतो. अन्नद्रव्यांचे तसे नाही. जमिनीच्या पाण्यात स्फुरद इतका कमी असतो की पेशीच्या आत त्याचे प्रमाण हजार पटीनेही जास्त भरते. म्हणजे स्फुरद आत घेणे हे विहिरीतून पाणी वर काढण्यासारखे काम आहे, त्याला मोट किंवा मोटार लागतेच. पेशीची मोटार म्हणजे पटलातील हायड्रोजन पंप. श्वसनातून मिळालेली शक्ती एटीपी या रेणूत साठवलेली असते. ती खर्चून हा पंप हायड्रोजनचे आयन सतत बाहेर फेकतो. त्यामुळे पेशी आतून ऋणभारित होते. आतबाहेर फरक पडतो तो दीड-दोन दशांश व्होल्टच्या घरात. आकडा क्षुल्लक वाटेल, पण पडद्याची जाडी लक्षात घेता हे मिलिमीटरला वीस हजार व्होल्टच्या जवळपास जाते.

बाहेर साचलेले हायड्रोजन आयन परत आत येऊ पाहतात. टाकीत चढवलेल्या पाण्याने उतरताना चाक फिरवावे तसे ते येताना ठराविक दारांतून नायट्रेट व फॉस्फेट यांना बरोबर घेऊन येतात. पोटॅशियमसारखे धनभारित आयन आतील ऋणभारामुळे ओढले जातात. म्हणजे खत कोणतेही असो, ते आत घेण्याचा खर्च शेवटी या एका पंपावर पडतो आणि पंप चालतो मुळाच्या श्वसनावर. म्हणून मुळाशी हवा हवी.

पाण्यात उभे पीक का सुकते?

पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी असतो. जमिनीची पोकळी पाण्याने भरली की मुळांपाशी असलेला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात, नसताना अवघे २. लोडशेडिंगमध्ये मोटार जशी बसते तसा पंप मंदावतो. नत्र आत येणे थांबते, खालची पाने पिवळी पडतात.

इथपर्यंत समजते. पण पाण्यात उभे राहून पान सुकावे कसे? याचा उलगडा २००३ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीवर केला. प्राणवायूअभावी पेशीरस आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेमुळे पाण्याची दारे मिटतात. बाहेर पाणी तुडुंब, पण दार बंद. वरून ऊन पडले की पानांतून बाष्प उडणे सुरूच राहते आणि झाड माना टाकते. कपाशीत पावसाच्या खंडानंतर जोराचा पाऊस पडून किंवा भरपूर पाणी देऊन लगेच कडक ऊन पडले की जी आकस्मिक मर दिसते, तीत रोगजंतू नसतो. असे झाड पाहून अनेक जण बुरशीनाशक आणायला धावतात. काही जण पाणी कमी पडले समजून आणखी पाणी देतात, ते तर अधिकच वाईट.

पहिले काम चर काढून पाणी रानाबाहेर घालवण्याचे. साचलेल्या पाण्यात युरिया फेकू नये. पंप बंद असताना तो आत जाणार नाही आणि चिबड रानात नायट्रेटचा बराच भाग वायू होऊन उडून जाईल. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करून माती मोकळी करावी आणि मगच खताचा हप्ता द्यावा. मधल्या दिवसांत नत्राची फवारणी करता येते, कारण पान अजून श्वास घेत असते. भाताची गोष्ट वेगळी. भाताच्या खोडापासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यातून प्राणवायू खाली पोचतो. तूर, सोयाबीन, कपाशी यांना ती सोय नाही.

क्षारपड जमीन : दुहेरी अडचण

जमिनीच्या पाण्यात क्षार वाढले की पहिली अडचण परासरणाची. बाहेरचा द्रव दाट झाल्याने मुळाला पाणी ओढणे जड जाते. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता डेसीसायमन प्रति मीटरमध्ये घेऊन तिला ०.३६ ने गुणले की परासरणदाब अंदाजे बारमध्ये मिळतो. वाहकता ४ असेल तर दाब सुमारे १.४ बार. हा हिशेब पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीचा. वाफशावर पाणी साधारण निम्मे उरते, म्हणून दाब दुप्पट, जवळपास २.९ बार. रान आणखी सुकून पीक कोमेजण्याच्या बेतात येईपर्यंत तो चौपट, म्हणजे ५.८ बारपर्यंत चढतो. क्षारयुक्त रानात दोन पाळ्यांमधील अंतर लांबवणे का महागात पडते ते यावरून दिसते. अशा रानात पाणी थोडे पण लवकर द्यावे. ठिबक असल्यास उत्तमच.

पिकापिकांत फरक मोठा आहे. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेल्या तक्त्यानुसार कपाशीचे उत्पादन ७.७ वाहकतेपर्यंत घटत नाही, गव्हाचे ६ पर्यंत. उसाची मर्यादा १.७ आणि पुढे प्रत्येक एककामागे सुमारे ५.९ टक्के घट. म्हणजे वाहकता ४ असताना ऊस तेरा-चौदा टक्क्यांनी कमी. कांद्याची मर्यादा १.२ आणि घट एककाला १६ टक्के, म्हणजे त्याच रानात कांदा निम्म्याच्या आसपास येतो. हे आकडे निचरा असलेल्या जमिनींवरचे आहेत, आपल्या भारी काळ्या जमिनीत त्याहून वाईट अनुभव येतो. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडील माती परीक्षणात वाहकता बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी अशा पातळ द्रावणात मोजतात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो. अहवालातील ‘१’ पाहून वरच्या तक्त्याशी ताडून निर्धास्त होऊ नये. प्रयोगशाळेने कोणत्या पद्धतीने मोजले ते विचारून घ्यावे.

दुसरी अडचण सोडियमची. पोटॅशियम आणि सोडियम हे भावंडांसारखे आयन. सोडियम आकाराने लहान, तरीही पोटॅशियमच्या दारातून तो जाऊ शकत नाही. पाण्यात प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू बाळगून असतो आणि दारातून जाताना त्याला ते सोडावे लागतात. पोटॅशियमच्या मापाला दाराच्या आतील रचना अशी बसते की सोडलेल्या पाण्याची जागा ती भरून काढते. सोडियम लहान असल्याने त्याला तसा आधार मिळत नाही, म्हणून तो पाणी सोडतच नाही. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतील अशा दाराची रचना उलगडली आणि २००३ चे नोबेल ॲग्रे यांच्याबरोबर त्यांना विभागून मिळाले.

मग सोडियम शिरतो कुठून? फारशी निवड न करणारी काही दारे मुळात असतात, तिथून. मुळाजवळ कॅल्शियम पुरेसे असले तर ही दारे बऱ्याच अंशी आवळली जातात. शिवाय पडद्याच्या स्निग्ध रेणूंना एकत्र बांधून ठेवण्याचे कामही कॅल्शियम करते. चोपण जमिनीत जिप्सम टाकताना आपण मातीच्या कणांवरचा सोडियम हुसकण्याचा विचार करतो, तो बरोबरच आहे. पण तेच कॅल्शियम मुळाच्या पडद्यावरही राखण करते.

शिरलेला सोडियम पेशी गप्प बसून सोसत नाही. तो पुन्हा बाहेर फेकणारी प्रथिने असतात, पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवणारी असतात आणि जलवाहिनीतून वर चाललेला सोडियम मुळातच काढून घेणारीही असतात. पश्चिम बंगालच्या नोना बोक्रा या खारट पाणी सोसणाऱ्या देशी भातात या शेवटच्या प्रकारच्या प्रथिनाचे जनुक २००५ मध्ये सापडले. गव्हाच्या एका जुन्या नातेवाइकातील तशाच जनुकाने ड्युरम गव्हाचे क्षारयुक्त रानातील उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले. आपल्या कोकणातील खार जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल गटातील भाताचे वाण शेतकऱ्यांना परिचित आहेतच. द्राक्षातही वेलीचा खुंट बदलला की पानातील क्लोराइड व सोडियमचे प्रमाण बदलते. पाणी खारे असेल तिथे खुंटाची निवड माती-पाण्याचा अहवाल समोर ठेवून करावी.

आता मुख्य मुद्दा. सोडियम बाहेर फेकण्याचे किंवा कोंडण्याचे काम फुकट होत नाही. तेही त्याच हायड्रोजन पंपाच्या जोरावर चालते. कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ भागात अनेक रानांत क्षार आणि पाणथळपणा एकत्र आहेत. तिथे मुळाला सोडियमशी झगडायचे असते आणि झगडण्याची शक्ती मात्र प्राणवायूअभावी तुटलेली असते. पानात सोडियम भरत जातो, कडा करपतात. अशा रानात निचऱ्याशिवाय जिप्समच्या गोण्या ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे, कारण सुटलेल्या सोडियमला जायला वाटच नसते. आधी चर, उघडा असो वा सच्छिद्र नळ्यांचा भूमिगत असो. मग जिप्सम, मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, आणि जोडीला हिरवळीचे खत. हा क्रम उलटा करू नये. शेजारच्या रानाचे पाणी आपल्याकडे येत असेल तर एकट्याने चर काढून भागत नाही. ओढ्यापर्यंत सर्वांनी मिळून काम करावे लागते. या कामाला वेळ लागतो, भांडणेही होतात, पण दुसरा मार्ग नाही.

खत आणि बियाणे

प्रत्येक रासायनिक खत शेवटी क्षारच. सोडियम नायट्रेटला १०० धरून खतांचा क्षार निर्देशांक काढतात. समान वजनाला म्युरेट ऑफ पोटॅशचा तो सुमारे ११६, युरियाचा ७५, सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६, डीएपीचा ३० च्या आसपास आणि सिंगल सुपर फॉस्फेटचा केवळ ८. बियाण्याला चिकटून पोटॅश किंवा युरिया पडला तर बी पाणी शोषण्याऐवजी गमावू लागते. युरियाचा त्रास आणखी वेगळा. त्यापासून तयार होणारा अमोनिया भाररहित असल्याने पडद्यातून थेट आत शिरतो व कोवळा मोड मारतो. हलक्या जमिनीत, ओल कमी असताना हे जास्त घडते. म्हणून दोन चाडी पाभरीने पेरावे आणि खत बियाण्याच्या बाजूला, थोडे खाली पडेल असे पाहावे. युरियाचे द्रावण विद्युत वाहकता मापकावर जवळजवळ शून्य दाखवते, कारण त्यात आयन नसतात. मापक शून्य दाखवतो म्हणून ठिबकमधून सोडलेले युरियाचे दाट द्रावण निरुपद्रवी असे समजू नये.

चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला, भुईमुगाला जो केवडा पडतो त्याचेही थोडक्यात सांगतो. लोह जमिनीत भरपूर असते, पण दारातून जाईल अशा रूपात नसते. भुईमूग मुळाभोवती आम्ल सोडून लोहाचे रूप बदलून घेतो, ऊस व इतर तृणवर्गीय पिके लोहाला धरून आत आणणारा पदार्थ मुळातून सोडतात. चुनखडीतील बायकार्बोनेट भुईमुगाने सोडलेले आम्ल लगेच मारून टाकते. जादा पाणी दिल्याने बायकार्बोनेट वाढते आणि केवडाही वाढतो. फेरस सल्फेटच्या ०.५ टक्के द्रावणात थोडे सायट्रिक आम्ल टाकून फवारले की पाने हिरवी होतात, पण पाण्याचा ताळमेळ बसवला नाही तर नवीन पाने पुन्हा पिवळी येतात.

फवारणीतून युरिया चांगला लागू पडतो तो त्याचा रेणू लहान व भाररहित असल्यामुळे. तरी २ टक्के द्रावणाचा परासरणदाब ८ बारच्या घरात जातो. भर उन्हात फवारले की पानावरचे पाणी उडून द्रावण आणखी दाट होते आणि कडा भाजतात. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर फवारावे, कोवळ्या पिकाला १ टक्क्यापासून सुरुवात करावी. जमिनीत टाकण्याच्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालते, फवारणीला ते शक्य तितके कमी असलेला युरिया घ्यावा. पीक सुकलेले असताना फवारणी करू नये. आधी पाणी द्यावे आणि पान ताठ झाल्यावर दुसऱ्या दिवशी फवारावे.